ओढणारा शाणा, मागचा ढिला

हातातलं काम टाकून टाइप करतेय, कारण हे आत्ता नाही सांगितलं तर मला डबा खायला जमणार नाही. आज सकाळी ऑफिसला येताना विश्रामबागच्या चौकात काय बघितलं माहितीय का? एक टेम्पो. टेम्पोच्या मागं पिवळी नायलॉनची दोरी. दोरीच्या टोकाला जुनी फोर बाय फोर जीप, आणि जीपच्या स्टेअरिंगवर एक काका, असे घट्ट धरून बसलेले की जणू जत्रेतल्या पाळण्यात बसलेत. सिग्नल लागला, टेम्पो थांबला, दोरी ढिली पडली, आणि जीप मात्र थांबायच्या विचारात नव्हती. काकांनी ब्रेकवर जवळजवळ उभं राहून ती थांबवली. टेम्पोच्या फाळक्यात आणि जीपच्या नाकात एक पोळी मावेल एवढी जागा उरली.

आणि मी स्कूटीवर बसल्या बसल्या मोठ्यानं म्हणाले, "दोरीला ओढता येतं, थांबवता येत न्हाई."

शेजारचा रिक्षावाला माझ्याकडं बघायला लागला. त्याला काय सांगू, की दादा, हे वाक्य माझं नाही, हे हौसाआत्यांचं आहे. म्हणून तुम्हाला सांगतेय.

हौसाआत्या आमच्या नात्यातल्या नाहीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांची सगळी नोकरी झाली, हेड सिस्टर होऊन रिटायर झाल्या. माहेर वडूजच्या बाजूचं. त्यांच्या घरातले निम्मे पुरुष फौजेत आणि निम्मे ज्वारीत. डॉक्टरांशी, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगला त्या एकदम इस्त्रीचं मराठी बोलायच्या. पण चिडल्या किंवा खूश झाल्या की वडूज बाहेर यायचं. आणि त्या बहुतेक वेळ यातलं काहीतरी एक असायच्याच.

रिटायर झाल्या तरी त्यांच्या हातातली नर्स काही रिटायर झाली नव्हती. कशालाही हात लावायच्या तर तो उलटा. तळहात नाही, मागची बाजू. आंबा पिकला का, दूध कोमट झालं का, इन्व्हर्टर तापलाय का, सगळं उलट्या हातानं. माझ्या स्कूटीच्या इंजिनाला हात लावून एकदा म्हणाल्या, "ताप हाय गं हिला." मी सर्व्हिसिंगला नेली, तर खरंच ऑइल संपत आलेलं.

आणि काहीही हलवायचं असलं की ती गोष्ट पेशंट व्हायची. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा जुना खाली न्यायला दोन हमाल आले होते. आत्या जिन्यात आडव्या. त्यांचा नियम असा, की पेशंटला हलवायचं म्हणजे आधी त्याचं काय काय लोंबतंय ते बघायचं. सलाइन, नळी, पिशवी. मग कोण पुढं, कोण मागं, आणि बोलणार कोण ते ठरवायचं. बोलणारा एकच. त्या दिवशी बोलणाऱ्या अर्थातच त्या होत्या. फ्रिज इतका सन्मानानं खाली गेला की आईला वाटलं आपण त्याच्याशी वाईट वागलो.

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य मात्र हे होतं, "ओढणारा शाणा पायजे, मागचा ढिला पायजे." हे गाडीबद्दल होतं. पण माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी ते नवऱ्यामुलाला ऐकवलं. तो बिचारा मान हलवत राहिला. मावशीनं नंतर आईला विचारलं की या बाईंना नक्की काय म्हणायचं होतं, आणि पुढचा की मागचा यात आपली मुलगी कुठली. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, चढावर एक, उतारावर दुसरा.

दोरीचं प्रकरण त्याच्याही आधीचं. आमच्या बिल्डिंगमधल्या पाटीलकाकांची कार बंद पडली होती. काकांनी ओळखीचा टेम्पो बोलावला, कपडे वाळत घालायची दोरी दुहेरी केली आणि मागं स्टेअरिंगवर स्वतः बसले. आत्या मटार सोलता सोलता ताट घेऊन गेटपाशी आल्या आणि कारच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. पुढचा थांबला तर मागच्यानं कुठं जायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "मी आहे ना ब्रेकला."

"इंजिन बंद हाय तुमचं. ब्रेक दगडागत लागतो. पाय हत्तीचा हाय का तुमचा, पाटीलसाहेब?"

काकांचा पाय हत्तीचा नव्हता, पण सगळी बिल्डिंग गॅलरीतून बघत होती, त्यामुळं माघार शक्य नव्हती. निघाले. कोपऱ्यावर टेम्पो हळू झाला, दोरी खाली लोळली, कारचं पुढचं चाक दोरीवर चढलं, आणि टेम्पोनं परत जोर लावला. मोठा आवाज झाला. कार जागच्या जागी, आणि काकांचा बंपर एकटाच टेम्पोच्या मागं खडखडत निघाला. टेम्पोवाल्यानं गाणी लावलेली. त्याला पुढच्या चौकात पोचल्यावर कळलं की आपण फक्त बंपर आणलाय.

आत्या हसल्या नाहीत. "दोरीला ओढता येतं, थांबवता येत न्हाई," एवढं म्हणून मटार सोलत आत गेल्या. आम्ही मात्र दोन दिवस हसत होतो.

आता जीप. आज सकाळची नव्हे, आत्यांच्या थोरल्या भावाची, तात्यांची. तात्या फौजेत ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी ही जुनी जीप घेतली आणि मुलीसारखी सांभाळली. मुलीपेक्षा जास्त, असं वहिनी म्हणतात. वहिनी म्हणजे तात्यांच्या बायको, आत्यांच्या भावजय. एकदा आत्या वडूजहून ज्वारीची पोती घेऊन हीच जीप चालवत सांगलीला आल्या. निघताना तात्यांनी बजावलं होतं, विट्यात थांब, रेडिएटरमध्ये पाणी बघ, पाइप गळतोय. आत्या विट्यात थांबल्या. तिथं त्यांना हॉस्पिटलातली जुनी मैत्रीण भेटली. चहा झाला, गप्पा झाल्या, पाणी राहिलं. तासगावच्या अलीकडं इंजिन जाम. सगळ्या जगाचा ताप उलट्या हातानं ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या बुडाखालचा ताप कळला नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत.

तेव्हापासून तात्या त्यांच्याशी बोलत नव्हते. रक्षाबंधनाला आत्या वडूजला जायच्या, तात्या हात पुढं करायचे आणि भिंतीकडं बघायचे. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचे, ताटात घालायचे, पण बोलणं सगळं वहिनींच्या मार्फत. "तिला सांग, जेवून जा म्हणावं." आणि आत्या तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या. वहिनी बिचाऱ्या दोन वर्षं टेलिफोन एक्स्चेंज झाल्या होत्या.

तासगावहून ट्रकवर घालून आणलेली जीप या सगळ्या काळात आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली. मग एक दिवस वहिनींचा फोन आला. तात्यांनी भंगारातून तसलंच दुसरं इंजिन शोधून आणलंय, वर्षभर ओसरीत बसून त्याचा एकेक नट साफ केलाय, आता इंजिन तयार आहे, तर गाडी पाठवा. आणि मागून तात्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना वरपर्यंत ऐकू आला, कारण आत्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. "तिला सांग, इंजिन मिळालं, गिअरबॉक्स मिळत न्हाई. त्याला काय झालं तर गाडी भंगारात आणि आपला सगळा इषय संपला. आणि सांग, शाफ्टच्या बोल्टांना हात लावायचा न्हाई. माझ्या हातचं बसवल्यालं हाय."

आत्यांनी फोन ठेवला आणि पार्किंगमध्ये जाऊन ताडपत्री उचलून बघितली. मग वरती आमच्याकडं आल्या आणि माझ्या दादाला म्हणाल्या, "सागर, तुझी पिकअप रविवारी मोकळी हाय का?"

दादाची मोठी पिकअप आहे, भाजीपाला नेतो तो. त्यानं आधी सुचवलं की क्रेनवाल्याला बोलवू, तो पुढची चाकं उचलून नेतो. आत्या म्हणाल्या, पेशंटचं डोकं उचलून पाय फरफटवत नेतात का. मागची चाकं फिरणार, ती शाफ्ट फिरवणार, शाफ्ट गिअरबॉक्स फिरवणार. मग ट्रकवर टाकू? ट्रकवाले साखळ्या कुठंही अडकवून ताणतात म्हणून तेही नको. चारी चाकं जमिनीवर, चारी मोकळी, आणि मध्ये दोरी नाही, लोखंड.

ते लोखंड त्यांनी कुपवाडच्या वेल्डरकडून करून घेतलं. इंग्रजी ए अक्षरासारखी दांडी. टोक पिकअपच्या हुकात, दोन पाय जीपच्या चेसीला, बंपरला नाही. बंपरचं काय होतं ते पाटीलकाकांनी दाखवलंच होतं. पुढचा थांबला की मागचा थांबतो, पुढचा वळला की मागच्याची चाकं आपोआप वळतात, स्टेअरिंगवर माणूसच लागत नाही. दांडी तुटलीच तर म्हणून खाली दोन साखळ्या, एकमेकींवर फुली मारून, म्हणजे तुटलेली दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. जीपच्या मागं लाल दिव्यांची फळी, तिची वायर पिकअपपर्यंत. काय काय लोंबतंय ते सगळं तारेनं बांधलं.

दादानं गिअरची मोठी दांडी हलवून न्यूट्रल केली आणि म्हणाला, झालं. आत्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं सुई उलटी टोचलीय. या जीपमध्ये मोठ्या दांडीशेजारी बारक्या दांड्या असतात. मोठी न्यूट्रल करून भागत नाही, कारण चाकं आतली अर्धी यंत्रं फिरवतच राहतात, इंजिन बंद म्हणून तिथं तेल उडत नाही, आणि कोरडे दात कोरड्या दातांवर घासत वडूजपर्यंत जातात. न्यूट्रल करायची ती बारकी. मोठी मात्र गिअरातच ठेवायची, म्हणजे गिअरबॉक्स हलत नाही. खरं तर चाकांना गिअरबॉक्सशी जोडणारा मागचा शाफ्टच काढला की काळजीच मिटते, हेही त्या म्हणाल्या. पण तात्यांनी बोल्टांना हात लावू नको सांगितलेलं. दादा म्हणाला, काढूया की, त्यांना काय कळतंय. आत्या म्हणाल्या, "सांगितलंय न्हवं. मग ऱ्हाऊ दे." हे मी लक्षात ठेवलं, कारण आत्या कुणाचं ऐकतात हे पहिल्यांदाच बघत होते.

रविवारी सकाळी निघालो. पुढं तिघं, दादा, मी, आणि खिडकीला आत्या, मान मागं वळवून. वेगाबद्दल त्यांचं म्हणणं होतं, सलाइन लावलेला पेशंट असल्यावर अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर जसा जाईल तसं. दादानं आयुष्यात एवढी हळू पिकअप चालवली नव्हती. सायकलवाल्या एका आजोबांनी आम्हाला ओव्हरटेक केलं आणि मागं वळून बघितलं.

आणि मग सुरू झाली ती मजा. मागं अख्खी जीप येतेय, वळणावर छान वळतेय, आणि आत कोणीच नाही. लोकांना ते सहनच होईना. मोटारसायकलवाले जिवाच्या आकांतानं शेजारी यायचे आणि ओरडायचे, "आवं, मागच्या गाडीत ड्रायव्हर न्हाई." आत्या खिडकीतून हात करून शांतपणे सांगायच्या, माहीत हाय, माहीत हाय. दादानं पुठ्ठ्यावर "मागे ड्रायव्हर नाही, काळजी करू नये" असं लिहून जीपच्या काचेला लावलं, तर ते वाचून लोक जास्तच काळजी करायला लागले. भिलवडीकडं जाणाऱ्या फाट्याला एका बाईनं जीपला चक्क नमस्कार केला.

तासगावात दादा सवयीनं डिझेलला पंपात शिरला आणि चुकीच्या बाजूला लागला. आता मागं घ्यायची तर हे जोडपं मागं जात नाही. दांडीच्या जोडावर जीप भलतीकडं वाकडी होते. पंपावरची सगळी माणसं "येऊ द्या, येऊ द्या" करत हात दाखवत होती आणि आत्या त्या सगळ्यांना "गप बसा" म्हणत होत्या. बोलणारा एकच. शेवटी जीप सोडली, पिकअप सरळ केली, जीप हातानं ढकलली, परत जोडली. दादानं त्यानंतर आपणहून रिव्हर्सचं नावही काढलं नाही.

थोडं अंतर गेलं की थांबायचं. आत्या उतरायच्या आणि चारी चाकांना मधोमध उलटा हात लावून यायच्या. चारी सारखीच कोमट असली की ठीक. एखादंच गरम लागलं तर बेअरिंग नाही तर ब्रेक धरतोय. "डावं पुढचं जरा कणकण हाय. पण ताप न्हाई," असा रिपोर्ट यायचा. आणि प्रत्येक थांब्यानंतर एक नियम, अगदी लोखंडी. निघताना त्या गाडीत बसायच्या नाहीत. पिकअप पावलाच्या वेगानं पुढं घ्यायची, आणि त्या जीपच्या बाजूनं चाकं बघत चालणार. चारी फिरतायत दिसलं की मगच बसणार. दादा कंटाळला होता. मलाही हे जरा जास्तच वाटत होतं.

विटा सोडलं, मायणीच्या रस्त्याला एका टपरीवर थांबलो. रस्ता तिथं उताराचा. चहा सांगितला, भजी सांगितली. आत्यांच्या हाताला ग्रीस लागलेलं, म्हणून त्या मागच्या हौदावर हात धुवायला गेल्या. मी मोबाइलमध्ये व्हिडिओ बघत होते, नमस्कारवाल्या बाईचा. दादा भज्यांकडं बघत होता.

मान वर केली तर जीप भरलेली.

खोटं नाही सांगत, गच्च भरलेली. टोपीवाले दोन आजोबा, कांद्याची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई, रविवारच्या क्लासला निघालेल्या दप्तरवाल्या दोन मुली, अजून कोण कोण. आमच्याकडं रस्त्याकडंला जीप उभी आहे म्हणजे ती वडापच असणार, शेअरमध्ये माणसं नेणारी. यात विचारायचं काय असतं? आणि सगळ्यांनी ड्रायव्हरची जागा कशी व्यवस्थित मोकळी ठेवलेली. टोपीवाल्या आजोबांनी मला विचारलं, "मायणीला कवा सुटायची?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात आत्या आल्या आणि त्यांनी सांगितलं की बाबा, ही गाडी चालत न्हाई.

"मग हितवर आली कशी?" आजोबा म्हणाले.

आत्यांनी त्यांना हाताला धरून पुढं नेलं. दांडी दाखवली, साखळ्या दाखवल्या, तेव्हा लोक कुरकुरत उतरले. कांदेवाली बाई म्हणाली, बसवून घेतलं असतं तर काय वजन हुणार हुतं. आत्या म्हणाल्या, ओढून न्यायच्या गाडीत माणूस बसवत न्हाईत, बाई, आणि विषय संपला.

चहा झाला. दादा स्टार्ट करून पुढं सरकला. आत्या नियमाप्रमाणं जीपच्या बाजूनं चालायला लागल्या. आणि दोन पावलांत त्यांनी जीपच्या पत्र्यावर अशी थाप मारली की टपरीवाल्याच्या हातातला झारा थांबला.

मागची दोन्ही चाकं फिरत नव्हती. मुरमात दोन सरळ रेघा उमटल्या होत्या.

आत्या आत वाकल्या. बारकी दांडी, जी न्यूट्रलला होती, ती पुढं सरकवलेली. म्हणजे चाकं गिअरबॉक्सला जोडली गेली होती, गिअरबॉक्स जाम इंजिनाला, आणि आमची पिकअप ते सगळं ताकदीनं ओढत होती. आत्यांनी दादाला इंजिन बंद करायला लावलं.  माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

टोपीवाले आजोबा पुढं आले. चेहरा पडलेला. "ताई, गाडी उताराला हुबी. म्हणलं घसरंल, पोरं बसल्यात. म्हणून मीच ती बारकी दांडी सारली गिअरात. मीबी वडापच चालवत हुतो की आधी."

मला वाटलं आता वडूज बाहेर येणार. पण आत्या म्हणाल्या, "बाबा, तुमचं चुकलं न्हाई. पेशंटपाशी नातेवाईक सोडून मी हात धुवाय गेले."

दांडी मागं ओढून बघितली. हलेना. दादानं पाय लावून जोर करायला घेतला तर आत्यांनी त्याचा हात धरला. दात दातात अडकलाय, वजन उतरल्याशिवाय सोडणार नाही, आणि जोर लावला तर सुटेल ते दात मोडूनच. मग त्यांनी त्या सगळ्या पॅसेंजरांना बोलावलं. कोण कुठल्या मडगार्डला, कोण चाकाला, नावं विचारून जागा दिल्या. दादाला सांगितलं, रिव्हर्स, सरळ, वीतभर. वीतभरच. स्वतः आत बसल्या, दांडीवर नुसतं बोट ठेवून. कांदेवाल्या बाईंनी पिशवी माझ्याकडं दिली आणि पदर खोचला.

"माझ्या सांगण्याबिगर कोन हलणार न्हाई. हं. आता."

सगळ्यांनी जीप मागं रेटली, दादानं पिकअप जराशी मागं घेतली, आणि आतून टक असा आवाज आला. दांडी त्यांच्या बोटानं सहज मागं आली. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. आजोबांनी टोपी काढून डोकं पुसलं.

आत्या उतरल्या, चाकांपुढं दगड लावून घेतले आणि पान्यांची पिशवी काढली. ते शाफ्टचे बोल्ट. दादा म्हणाला, आत्या, तात्यांनी सांगितलंय ना. त्या म्हणाल्या, माहीत हाय. पोतं अंथरलं, साडी खोचली आणि गाडीखाली गेल्या. शाफ्ट उतरवला, बोल्ट रुमालात बांधले. या जीपचा हँडब्रेक त्या शाफ्टलाच धरतो, म्हणजे आता हँडब्रेकही नुसता शोभेचा, म्हणून जिथं थांबू तिथं दगड. बाहेर आल्या तेव्हा केसांत मुरूम होता. म्हणाल्या, हे निघतानाच करायचं हुतं. राग यील म्हणून केलं न्हाई. रागाला भिऊन ट्रीटमेंट बदलली की असं हुतं.

खरं वडाप आलं, माणसं गेली, आम्ही निघालो. पुढच्या रस्त्यात लोक ओरडले, हात केले, पण आमच्यापैकी कोणी हसलं नाही. चाकं आता मस्त फिरत होती. प्रश्न एकच होता, त्या दोन रेघा उमटल्या तेव्हा आत काही तुटलं का. ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. दादा मला हळूच म्हणाला, आपण सांगायलाच नको, बसवताना निघेल ते निघेल. आत्यांनी ऐकलं. मान मागं वळवून चाकं बघत राहिल्या.

तात्या अंगणात उभेच होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिश्या. चिंचेखाली तीन वाशांच्या तिकाटण्याला नवं इंजिन टांगलेलं, त्याला वहिनींची जुनी साडी गुंडाळलेली. तात्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. दांडी बघितली, साखळ्या बघितल्या, मान हलली. मग पिकअपच्या हौद्यात शाफ्ट दिसला. चेहरा बदलला.

"तिला इचार, शाफ्ट कुनी काढला."

वहिनी आत्यांकडं वळल्या. दोघं बहीणभाऊ एका हाताच्या अंतरावर. "त्यांना सांगा, वैनी, मी काढला. आणि का काढला तेबी सांगते." आणि आत्यांनी सगळं सांगितलं. टपरी, आजोबा, दांडी, मुरमातल्या रेघा. एक शब्द लपवला नाही. आजोबांना दोष दिला नाही. हात धुवायला गेले म्हणून झालं, असं सांगितलं. वहिनी आता पुढं सांगेनात, कारण सांगायची गरज नव्हती.

तात्या आत गेले, परात घेऊन आले. वहिनी म्हणाल्या, आवं, भाकरीची हाय ती. त्यांनी ऐकलं नाही. जीपखाली सरकले, खालचा बोल्ट सोडला आणि गिअरबॉक्सचं तेल परातीत सोडलं. काळं, घट्ट. मग कुठल्यातरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि तेलातून हळूहळू फिरवायला लागले. दात तुटला असेल तर तुकडे चिकटणार. दादानं माझं मनगट दुखेपर्यंत धरलं होतं. आत्या परातीकडं बघत नव्हत्या. तात्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

चुंबक वर आलं. तात्यांनी ते चिंधीवर पुसलं. काळा चिखल. बोटानं चोळला. परत बुडवलं, परत पुसलं. एक तुकडा नाही. त्यांनी तेल दोन बोटांत घेतलं, वास घेतला, आणि मान वर करून थेट आत्यांकडं बघितलं.

"हौसे, हे तेल कवा बदललंवतंस?"

थेट. वहिनींकडं न बघता. वहिनी तिथंच पायरीवर टेकल्या.

आत्या दोन पावलं पुढं आल्या.  "तुझ्याकडनं नेली तवाच काळं हुतं ते."

"माझ्याकडं काळं? मी फौजेत तेल बदलत हुतो तवा तू शाळंत पाटी फोडत हुतीस."

"मग तसली फौज मी रोज वॉर्डात चालवली. आणि तुझा पाइप गळत हुता त्याचं काय? गळका पाइप लावून बहिणीला गाडी देतंय का कोन?"

"पाणी बघ म्हणून सांगितलंवतं की न्हाई?"

"सांगितलंवतंस. मग बदलून का न्हाई दिलास?"

दोन वर्षांचं सगळं साठलेलं होतं, ते सुरू झालं. रेडिएटर, ज्वारी, तेल, कधीतरी लहानपणी हरवलेली एक बैलगाडीची खीळ. शेजारची माणसं कुंपणाशी आली. वहिनी उठल्या, पदर झटकला आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, मी पिठलं टाकते. माझी ड्यूटी संपली."

आम्ही जेवलो तरी भांडण चालूच. आत्या वडूजलाच राहिल्या, त्यानंतर सांगलीला आल्या त्या फक्त सामान न्यायला, आणि मी तेव्हा ऑफिसला होते. त्यामुळं मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दुपारी, निघताना. तसं बघितलं म्हणजे काय, पायच बघितले. जीपखालून बाहेर आलेले चार पाय, दोन भावाचे, दोन बहिणीचे, शेजारी शेजारी. तोंडं दिसत नव्हती. आतून पाना आपटल्याचा आवाज, आणि तात्यांचं "उलटा फिरवतीयास," आणि आत्यांचं "तुला डोळं हायत का." दादानं हॉर्न दिला. कोणी बाहेर आलं नाही. त्यांना ऐकूच गेला नाही बहुतेक.

पिकअपमध्ये दादा आणि मी मायणीपर्यंत वेड्यासारखे हसत होतो. मला मध्येच रडू पण आलं, आणि दादा म्हणाला डोळ्यात मुरूम गेला असेल, आणि त्याचेही डोळे लाल होते.

आता खरं सांगा, तुमच्या घरात कधी असं झालंय का, की दोन मोठी माणसं जोरजोरात भांडायला लागली, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव एकदम भांड्यात पडला?